मास्तर कसा आहे, ते हजेरीपटाला विचारा

हजेरी घ्यायला पाच मिनिटं लागतात. पट चाळीसचा असेल तर तेवढीही लागत नाहीत. पण शिक्षकाच्या प्रामाणिकपणाची दिवसातली पहिली परीक्षा या पाच मिनिटांत होते, आणि ती होते तेव्हा वर्गात दुसरं मोठं माणूस कोणी नसतं.

चूक कशी होते ते बघा. परिपाठ संपतो, मुलं वर्गात बसतात, तेवढ्यात केंद्रावरून, म्हणजे शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेतून, निरोप येतो की अमुक माहिती अकराच्या आत भरून पाठवा. मास्तर मोबाईल घेऊन नेटवर्क शोधत ओसरीत जातात. हजेरी राहून जाते आणि खिचडीच्या वेळी आठवते. मग आठवेल तशा खुणा टाकल्या जातात, आणि जे पोरगं आठवत नाही त्यालाही हजर धरलं जातं, कारण गैरहजर लिहिलं की टक्केवारी पडते. असं आठवड्यातून दोनदा झालं की तिसऱ्या आठवड्यात हजेरी शनिवारी एकदम भरायची सवय लागते. कुणीही पहिल्या दिवशी ठरवून खोटी हजेरी लिहीत नाही. ती अशी अंगवळणी पडते.

म्हणून नियम साधा ठेवावा: हजेरी झाल्याशिवाय फोन उचलायचा नाही. नाव मोठ्यानं घ्यायचं, मान वर करून त्या मुलाकडे पाहायचं, मग खूण करायची. पेन्सिलीनं नाही, शाईनं. मुलं, मुली आणि एकूण, हे तिन्ही आकडे लगेच खाली मांडायचे आणि तेच दर्शनी फळ्यावर लिहायचे. फळ्यावर आकडा एकदा गेला की तो गावानं पाहिला, स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी पाहिला. त्यानंतर हात चाळवत नाही.

खऱ्या हजेरीचा दुसरा फायदा असा की ती बोलते. आपल्याकडे विदर्भात मुलं कधी येत नाहीत हे वेळापत्रकासारखं ठरलेलं असतं. बाजाराच्या दिवशी दुपारनंतर पट गळतो. दिवाळीच्या आगेमागे कपाशीची वेचणी सुरू झाली की पाचवी-सहावीच्या मुली घरी राहतात. त्यातल्या सगळ्याच वावरात जात नाहीत, पुष्कळशा धाकट्या भावंडाला सांभाळायला थांबतात, कारण आई वेचायला गेलेली असते. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात धानाच्या कापणीला हीच गत, आणि गडचिरोलीकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच मोह वेचायला मुलं जातात. मेळघाटात दिवाळीनंतर कामाला बाहेर पडलेली कुटुंबं होळीला परततात. हजेरीपट खरा असेल तर या सगळ्याचा नकाशा त्यात दिसतो, आणि मग काही करता येतं. धाकटं भावंड घेऊन येणाऱ्या मुलीला दारातून परत पाठवायचं नाही, भावंड मागे पोत्यावर बसवायचं. स्थलांतर करणाऱ्याला निघण्याआधी शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. मोह वेचून दहा वाजता आलेल्या पोराला 'उशिरा आलास' म्हणून बाहेर उभं करायचं नाही. खोट्या हजेरीत मात्र सगळे दिवस सारखे भरलेले दिसतात, आणि ज्या मुलीचं शिक्षण नोव्हेंबरात सुटलं ते कुणाच्या लक्षात मार्चपर्यंत येत नाही.

सलग तीन दिवस मूल आलं नाही तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी जावं. सकाळी शाळेआधी किंवा संध्याकाळी, कारण मधल्या वेळात घराला कुलूप असतं. जाताना रजिस्टर न्यायचं नाही. रजिस्टर पाहिलं की माणसं चौकशी आली असं समजतात आणि 'बरं नव्हतं' एवढंच सांगतात.

खोट्या हजेरीमागे भीतीही असते, ती मान्य केली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरणं, 30 सप्टेंबरच्या पटावर होते. 61 चा पट 59 झाला की एक जण अतिरिक्त ठरतो आणि त्याची पाळी कुठल्या तालुक्यात लागेल सांगता येत नाही. त्यामुळे शहरात इंग्रजी शाळेत गेलेल्या दोन पोरांची नावं आपल्याच पटावर राहू देण्याचा मोह होतो. हा मोह माणसाला समजू शकतो. पण त्या दोन नावांपायी पुढे वर्षभर रोज खोटं लिहावं लागतं, आणि ते फक्त हजेरीपटात राहत नाही. ते खिचडीच्या पातेल्यात उतरतं.

हिशेब असा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज तांदूळ 100 ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य 20 ग्रॅम, भाजी 50 ग्रॅम, तेल 5 ग्रॅम. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात ग्रॅम. समजा पहिली ते पाचवीची खरी हजेरी 42 आहे. तांदूळ लागतो 4 किलो 200 ग्रॅम, डाळ 840 ग्रॅम, तेल 210 ग्रॅम. वहीत 58 लिहिले तर रोज 1 किलो 600 ग्रॅम तांदूळ आणि 320 ग्रॅम डाळ कागदावर शिजते आणि कोठीत उरते. महिन्याचे 22 दिवस धरले तर 35 किलो तांदूळ आणि 7 किलो डाळ. आता हा माल कोठीत दिसता कामा नये, म्हणून तो कुठेतरी जावा लागतो. कुठे जातो हे स्वयंपाक करणाऱ्या ताईंना माहीत असतं, आणि त्यांच्याकडून गावाला. त्यानंतर त्या मास्तरांनी सत्यावर पाठ घेतला तरी मुलं ऐकतात कशी, ते मुलांनाच माहीत.

याच्या उलटही होतं, आणि ते कमी बोललं जातं. धान्य उशिरा आलं, पोतं वजनात कमी भरलं, तर प्रामाणिक मुख्याध्यापक गप्प राहून रोज मुठीनं कमी टाकत राहतात, कारण तक्रारीची लिखापढी नको असते. तसं करू नये. पोतं उतरवताना वजनकाट्यावर चढवायचं, जे भरलं तेच पावतीवर लिहायचं, आणि कमी असेल तर पावतीवरच 'इतके किलो कमी' लिहून मग सही करायची. गाडीवाला घाई करतो, त्याला करू द्यावी. सही झाल्यावर कमी वजनाची तक्रार कोणी ऐकत नाही.

चव घेण्याची नोंद हा वेगळाच विषय आहे. वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची असते. पुष्कळ ठिकाणी चव नोंदवहीत सोमवारी सहा दिवसांच्या सह्या होऊन जातात. चव घ्यायची म्हणजे काय पाहायचं? पातेल्याच्या तळातून पळी फिरवायची, करपली असेल तर वास तिथे येतो. डाळीचा दाणा बोटात चिमटायचा, मधे पांढरा कठीण ठिपका दिसला तर दहा मिनिटं आणखी शिजू द्यायची, कारण कच्च्या डाळीनं लहान मुलांचं पोट दुखतं. तेलाला खवट वास आहे का ते फोडणीआधी पाहायचं, फोडणीनंतर कळत नाही. तांदूळ निवडताना सोंडे किती निघाले ते ताईंना विचारायचं. आणि हे सगळं वाढण्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे बदल करायला वेळ राहतो. मुलं ताट घेऊन बसल्यावर घेतलेली चव कामाची नाही.

पंगतीत कोण कुठे बसतं याकडे उभं राहून बघावं. दूर बसून चालत नाही. गावातल्या वस्त्या जशा वेगळ्या तशी मुलं आपोआप वेगळी बसतात, आणि 'त्यांना तसंच आवडतं' असं म्हणून सोडून देणं सोपं असतं. हजेरी क्रमांकाप्रमाणे बसवलं की चार दिवसांत ती रेघ मोडते. ताटं सगळ्यांची एकाच ढिगातली हवीत. कोणी घरून वेगळं ताट आणत असेल तर मुलाला चारचौघांत बोलायचं नाही, संध्याकाळी घरी जाऊन आईवडिलांशी बोलायचं. आणि मास्तरांनी त्याच पंगतीत, त्याच ताटात बसून जेवावं. याहून वेगळा पाठ समतेवर घ्यावा लागत नाही.

आता प्रगतीच्या नोंदींबद्दल. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे 2010 मध्ये आलं. तेव्हा ठरलं ते असं: पहिली-दुसरीला आकारिकला, म्हणजे रोजच्या निरीक्षणाला, 70 आणि संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, 30, तिसरी-चौथीला 60 आणि 40, पाचवी-सहावीला निम्मे निम्मे, सातवी-आठवीला 40 आणि 60. म्हणजे लहान वर्गात शिक्षकाच्या रोजच्या निरीक्षणावर सर्वात जास्त भरवसा टाकला आहे. हा विश्वास आहे, आणि तो सर्वात जास्त इथेच मोडला जातो. बाजारात तयार नोंदींची पुस्तिका मिळते, मोबाईलवर तर फुकट येते. 'गणितात रुची घेतो.' 'वाचनाची आवड आहे.' 'सुधारणा आवश्यक.' ही तीन वाक्यं फिरवून चाळीस मुलांची वही एका रविवारी भरते.

खरी नोंद कशी असते ते एक उदाहरण घेऊन पाहू. तिसरीतल्या मुलानं 403 मधून 158 वजा करताना 355 लिहिलं. लाल फुली मारली तर काम संपलं. पण नीट पाहिलं तर दिसतं की त्यानं चारातून एक काढला, तीन आले. पाचातून शून्य काढलं, पाच आले. आठातून तीन काढले, पाच आले. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. पोरगं निष्काळजी नाही, त्यानं एक नियम पक्का धरला आहे, फक्त तो चुकीचा आहे. नोंद अशी व्हावी: 'हातच्याची वजाबाकी करताना वरचा-खालचा अंक न पाहता मोठ्यातून लहान वजा करतो. शंभराचा गठ्ठा सोडवून दहाचे दहा गठ्ठे करून काड्यांनी घ्यावं.' ही नोंद लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात, पण पुढच्या वर्षी बदली होऊन आलेला शिक्षक ती वाचून थेट कामाला लागू शकतो. चाळीसची चाळीस मुलं अशी लिहून होत नाहीत, हे कबूल. रोज पाच मुलं धरली तर आठ दिवसांत वर्ग होतो, आणि महिन्यात प्रत्येकाकडे तीनदा फिरून येता येतं.

गुण वाढवून देण्यात दया आहे असं पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटतं. नापास कशाला दाखवायचं, घरी मार खाईल. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या प्रगतिपत्रकावर 'ब-1' लिहिलं की त्याच्या आईला वाटतं पोरगं बरं चाललंय. ती निर्धास्त होते. आठवीत गेल्यावर पत्रिका वाचता आली नाही की तिला कळतं, आणि तोवर सहा वर्षं गेलेली असतात. तिची अशी फसवणूक करायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? हीच वाट पुढे दहावी-बारावीच्या केंद्रावर जाते. कॉपी पुरवणारा तिथे अचानक उगवत नाही. चौथीपासून खोट्या गुणांवर वर ढकललेल्या मुलाला दहावीत दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्धचा राज्याचा कायदा 1982 पासून आहे, पण तो केंद्राच्या फाटकावर उभा असतो, चौथीच्या वर्गात नाही.

अपडाऊन. हा शब्द आपल्या भागात आता मराठीच झाला आहे. यवतमाळ, अमरावती, नागपूर, चंद्रपूर इथं घर, आणि शाळा चाळीस-साठ किलोमीटरवर. चौघांत एक कार, किंवा सकाळची एसटी आणि फाट्यापासून दुचाकी. शाळेची वेळ मग घंटेवर न ठरता एसटीवर ठरते. साडेदहाची शाळा पावणेअकराला भरते आणि चारला दप्तरं बांधली जातात, कारण साडेचारची गाडी चुकली तर पुढची सातला.

गावात राहायला धड खोली मिळत नाही, बायको शहरात नोकरीला आहे, आईला डायलिसिस आहे. ही कारणं खरी असतात आणि अपडाऊन करणारा प्रत्येक जण कामचुकार नसतो. माझा आक्षेप अपडाऊनला नाही, खोट्या दाखल्याला आहे. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहतो असा दाखला सरपंचाकडून घ्यायचा, त्यावर घरभाडं उचलायचं, आणि रोज संध्याकाळी सगळ्या गावादेखत गाडीत बसून निघून जायचं. त्या दाखल्याची किंमत पुढे चुकवावी लागते. सरपंच उद्या म्हणतो, पुतण्याची जन्मतारीख जरा बघा ना सर. परवा म्हणतो, धान्याची गाडी आमच्या माणसाकडून घ्या. एका सहीनं बांधला गेलेला मास्तर 'नाही' कसा म्हणणार? राहत नसाल तर राहत नाही असं लेखी द्या, भत्त्याचं जे व्हायचं ते होऊ द्या. पैसे जातील, पण मान ताठ राहील आणि ग्रामसभेत बोलता येईल.

आणखी एक गोष्ट टेबलाच्या खणात असते: तारीख न टाकलेला किरकोळ रजेचा अर्ज. न येणाऱ्या दिवशी सहकाऱ्याकडे फोन जातो, 'कोणी आलं तर तारीख टाका, नाही आलं तर राहू द्या.' अधिकारी आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी हजेरीवर सही होते. याला माणसं सांभाळून घेणं म्हणतात. पण दोनशिक्षकी शाळेत एक जण असा गेला की दुसऱ्यावर चार किंवा पाच वर्ग पडतात आणि त्या दिवशी कोणताच वर्ग शिकत नाही. सहकाऱ्याला मदत करायची असेल तर त्याला म्हणावं, रजा टाक आणि निश्चिंत जा, वर्ग मी बघतो. शाळेच्या वेळेत पंचायत समितीत किंवा बँकेत जायचं असेल तर हालचाल रजिस्टरमध्ये वेळ आणि कारण लिहूनच बाहेर पडावं.

मारण्याबद्दल आता कायद्यात शंका उरलेली नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. पालक म्हणतात, 'मारा सर, पण शिकवा.' पालकांच्या म्हणण्यानं ती परवानगी मिळत नाही. छडी टेबलावर असली की हात तिच्याकडे जातो, म्हणून ती वर्गात ठेवूच नये. नकाशा दाखवायला कागदाची सुरनळी पुरते. राग कधी येतो तेही माहीत असावं. खिचडीनंतरचा तास, पत्र्याखाली मार्चची दुपार, आणि आदल्या रात्री अर्धवट झोप. या तासाला पाढे किंवा उत्तरं तपासणं ठेवलं की हात उठायची वेळ येते. तिथे चित्र, गाणं, झाडाखाली वाचन ठेवावं. तरी राग आलाच तर खडू खाली ठेवायचा, मुलापासून चार पावलं लांब जायचं, पाणी प्यायचं. मग विचारायचं, काय झालं होतं?

पण हातापेक्षा तोंडानं जास्त मारलं जातं. 'बैताड', 'ढोर', 'तुह्या बापानं शाळा पाहिली काय'. त्यातही भाषेवरून मारलेला टोला खोल जातो. मूल म्हणतं, 'सर, मले भूक लागली.' मास्तर म्हणतात, 'मले नाही, मला म्हण.' वर्ग हसतो. पोराची भूक राहिली बाजूला, आणि त्यानं ठरवलं की इथे तोंड उघडायचं नाही. आधी त्याच्या बोलण्याला उत्तर द्या. मग कधीतरी भाषेच्या तासाला 'मले भूक लागली' आणि 'मला भूक लागली' अशी दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा आणि सांगा, हे घरातलं, हे पुस्तकातलं, दोन्ही आपलीच. कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत तर शिक्षकानं पहिल्या महिन्यात निदान पन्नास शब्द शिकून घ्यायला हवेत: पाणी, भूक, दुखणं, आई, भीती, लघवी. शिकवतील मुलंच. त्यांना शिक्षक व्हायला मिळालं की ती खुलतात.

आपण पक्षपात करतो की नाही हे मनाला विचारून कळत नाही. मन 'नाही' म्हणतं. त्यासाठी कागद लागतो. वर्गाची नावं एका कागदावर लिहा, आणि तीन दिवस प्रत्येक वेळी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे रेघ ओढा. दुसऱ्या शिक्षकाला ओढायला सांगितलं तर आणखी चांगलं. साधारणपणे पाच-सात नावांपुढे रेघांचा गठ्ठा होतो आणि दहा-बारा नावं कोरी राहतात. कोरी राहिलेली मुलं कोण आहेत, कुठल्या वस्तीतली, मुली किती, मागच्या ओळीत किती, ते स्वतः पाहा. उपाय स्वस्त आहे: आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून डब्यात ठेवायच्या आणि जिचं नाव निघेल त्या मुलाला विचारायचं. नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षांच्या तयारीतही हेच होतं. चार हुशार मुलांना जादा तास, आणि बाकी वर्गाला 'पान 32 वरून उतरवून काढा'. त्या चारांचा निकाल पेपरात येतो. जादा तास जरूर घ्यावेत, फुकट घ्यावेत, कारण शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 खासगी शिकवणीला मनाई करतं, आणि आठवड्यातले निदान दोन दिवस ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी घ्यावेत.

शिष्यवृत्तीचे कागद गोळा करताना 'अमक्या प्रवर्गाची मुलं उभी राहा' असं म्हणतात, तेव्हा म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण उभं राहणाऱ्या मुलाला ते कळतं, आणि बसलेल्यांनाही. यादी मास्तरांकडे असतेच. एकेकाला टेबलाशी बोलवून हळू सांगायचं, कागद पाकिटात मागायचे. तसंच 'वडिलांना घेऊन ये'. आपल्या जिल्ह्यांत ज्या घरातला बाप कर्जापायी गेला अशी मुलं बहुतेक शाळांत आहेत. 'घरचं कोणी मोठं माणूस' एवढं म्हटलं तरी काम होतं. अशा मुलाला त्या प्रसंगाबद्दल काही विचारू नये, त्याच्यावर निबंध लिहायला लावू नये, पाहुणे आले की त्याला पुढे करू नये. तो बोलला तर ऐकावं, आणि ऐकलेलं स्टाफरूममध्ये सांगू नये.

झाडू कोण मारतं? पुष्कळ शाळांत मुली झाडतात, मुलं बादली उचलतात, आणि संडास कोण धुतं हे न विचारता ठरलेलं असतं. वर्ध्याला 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला झालेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम उभी राहिली, आणि सेवाग्रामात सफाई हा शिक्षणाचाच भाग धरला गेला. शिक्षक आणि मुलं मिळून ती करत. ही आपल्याच मातीतली गोष्ट आहे. पाळी लावायची तर हजेरी क्रमांकानं लावावी, मुलगा-मुलगी न पाहता, आणि त्या पाळीत शिक्षकाचं नाव असावं.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबद्दल लिहावंच लागेल, कारण हे दुखणं आपल्याकडचं आहे. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे. ठेला पन्नास पावलांवर असतो, आणि मास्तरच पोराला वीस रुपये देऊन पन्नी आणायला पाठवतात. त्या पोरानं त्या दिवशी काय शिकलं ते पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही धड्यानं पुसलं जात नाही. सुटत नसेल तर निदान शाळेच्या आवारात खिशातही ठेवू नका. गालात खर्रा धरून श्रुतलेखन सांगताना 'श' आणि 'स' सारखेच ऐकू येतात आणि फुली मुलाच्या वहीवर पडते.

एक जागा अशी आहे जिथे सांभाळून घेणं हा गुन्हा आहे. सहकाऱ्याच्या वागण्याबद्दल एखादी मुलगी किंवा मुलगा काही सांगतो, किंवा सांगत नाही पण त्या सरांच्या तासाला पोट दुखतं म्हणून घरी जाऊ लागतो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानं अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. आधी 'खरं काय ते बघू' म्हणून शाळेतच चौकशी समिती बसवू नये, मुलाला चार जणांसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये, आरोप असलेल्याला समोर बोलवून तोंडातोंडी करू नये. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत, जसेच्या तसे, वेळ-तारीख टाकून लिहून घ्यायचे. त्याच दिवशी पोलिसांत कळवायचं. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावरही मदत मिळते. गावातली वजनदार माणसं 'मिटवून टाका, पोरीचं लग्न व्हायचंय' म्हणतील. मुलाचं नाव कुणालाही सांगू नये, त्यांनाही नाही. तक्रारपेटीची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार येऊ शकते त्याच्याच खिशात असेल तर पेटी असून नसल्यासारखी. ती शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईकडे द्यावी. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतातच.

शेवटी दाखल खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या आणि शाळा सोडलेल्या मुलांची नोंदवही. पहिलीत नाव घालताना त्यात जे लिहिलं जातं ते माणसाच्या मरणापर्यंत आणि त्यानंतरही चालतं. जातीचा दाखला आणि पडताळणी यांना अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि भूमिहीन माणसाकडे बहुतेक वेळा आजोबाचा शाळेतला एवढा एकच कागद असतो. म्हणून नवं नाव घालताना जन्मदाखला समोर ठेवूनच लिहावं, आईचं नाव विचारून लिहावं, अंदाजानं 1 जून टाकू नये. चुकलं तर खोडरबर, पांढरी शाई, ब्लेड काहीही नको. एक आडवी रेघ, वर बरोबर शब्द, शेजारी सही आणि तारीख. नोंद पक्की झाल्यावर नाव, जात, जन्मतारीख यांत वरिष्ठांच्या लेखी मंजुरीशिवाय काना-मात्राही बदलायचा नाही, मग विचारणारा कोणीही असो.

जुनी रजिस्टरं भिंतीला टेकून ठेवू नयेत, उधई, म्हणजे वाळवी, भिंतीतूनच येते. लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खाली विटा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, ती पिवळी पडते आणि शाई सोबत ओढते. पातळ कागद खळीनं मागून चिकटवावा. पावसाळा सरला की ऑक्टोबरात एक दिवस सावलीत उघडी पसरून ठेवावीत, उन्हात नाही, शाई उडते. आणि नक्कल मागायला कोणी आलं तर मूळ नोंदीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असलं तरी तसंच उतरवावं, आपल्या मनानं शुद्ध करू नये, कारण पडताळणी समिती अक्षर अक्षर लावून पाहते. तो माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून आलेला असतो. त्याला 'सोमवारी या' म्हणू नये. पान शोधून नक्कल लिहायला अर्धा तास लागतो.